पिंडीची जागा

कापूस फुटायला लागला की मी आभाळाकडे पाहत नाही. कास्तकाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण गेली कित्येक वर्षं माझं असं झालं आहे खरं. दिवाळी सरते, सकाळी विहिरीवर पाणी शेंदताना तोंडातून वाफ निघायला लागते, आणि एके दिवशी वावरात जावं तर हिरव्यात जागोजाग पांढरं उमललेलं. लोकांना त्यात लेकीचं लग्न दिसतं, घरावरचे नवे टिन दिसतात. मला आधी ढग दिसतो. बहुतेक वेळा तो नसतोच. तरी मी मान खाली घालून, धुऱ्यावरची कुसळं पाहत पाहत घरी येतो.

आजचा ढग मात्र खरा आहे. सातपुड्याच्या अंगानं आला आहे, आणि सकाळपासून हललेला नाही.

मी मलकापूरच्या स्टेशनावर बसलो आहे. वर्ध्याकडची गाडी उशिरा आहे. किती उशिरा, ते कुणी सांगत नाही. मांडीवर कापडी पिशवी आहे आणि पिशवीत तांब्याचा गडू. गडूच्या तोंडाला डाक देऊन ते पक्कं बंद केलेलं, वर लाल कापड बांधलेलं, आणि कापडाचा रंग उडून आता विटकरी झालेला. आत काशीची गंगा आहे. ती माझी नाही. माझ्या मोठ्या मायची आहे, आणि मोठी माय जाऊन बरीच वर्षं झाली.

घरी कापूस फुटून उभा आहे. वेचणीच्या बाया उद्यापासून येणार. पोरगा सकाळी पिशवी पाहून म्हणाला, "बाबा, आता? ऐन वेचणीत? उन्हाळ्यात जा ना, मी सोबत येतो."

"उन्हाळ्यात नाही," मी म्हटलं. "आताच."

त्याच्या आईनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. तिला सगळं ठाऊक आहे असं नाही. पण या दिवसांत मी रात्री किती वेळा उठतो ते तिला ठाऊक आहे.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. मी रांगत होतो तेव्हा माझी आई गेली, आणि मोठ्या मायला मूल नव्हतं. घरात कुणी ठरवलं नाही, बोलणं झालं नाही. मी तिच्या कुशीत झोपायला लागलो, एवढंच. मोठे बाबा वारले तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन ती गावातल्या चार म्हाताऱ्यांबरोबर काशीला गेली आणि येताना हा गडू घेऊन आली. आमच्याकडची रीत अशी की काशीची गंगा घरी आणायची, तिची पूजा करायची, आणि मग ती रामेश्वराला नेऊन पिंडीवर घालायची. तोवर काशी पुरी होत नाही. म्हणजे गडू देवघरात आला की घरावर एक काम बाकी राहतं. रोज सकाळी फूल वाहिलं की मोठी माय गडू उचलून कानाजवळ न्यायची आणि हळूच हलवायची. आत पाणी डचमळायचं. "हाये," म्हणायची, आणि जागेवर ठेवायची. मला लहानपणी वाटायचं, तिचा मोठ्या बाबांशी हा रोजचा निरोप चालतो.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. वडील आदल्या साली गेले होते आणि शेत नुकतंच माझ्या हाती आलं होतं. माझ्या हातचं ते पहिलं पीक. बियाणं मी माझ्या मनानं आणलं होतं, पेरणीही दुसऱ्या काकांकडच्या चुलतभावांचं न ऐकता चार दिवस आधी केली होती. अशात संग्रामपूरच्या तात्यांचा निरोप आला. तात्या दर साली म्हाताऱ्यांची एक तुकडी घेऊन यात्रेला जात. यंदा रामेश्वर, दिवाळी झाली की निघायचं. मोठ्या मायनं निरोप ऐकून घेतला. संध्याकाळी पाहिलं तर देवघरातलं लाल कापड धुऊन दोरीवर वाळत टाकलेलं. मी "जाऊ" म्हणालो.

पारावर चुलतभावानं मला धरलंच. "वेचणीच्या टायमाले यात्रेले कोण जाते बे? परत येशीन तं वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या दिसतीन, ढोरं-वासरं कापूस खाऊन जातीन!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर गाडीत चढलं. वर्ध्याला गाडी बदलली तेव्हा ते होतं, आणि बल्लारशाच्या पुढे जंगल लागलं तेव्हाही होतं. सगळ्या तुकडीत तरुण असा मी एकटा. बाकीच्यांच्या मागं घरी लेक-सुना होत्या. माझ्या मागं कापूस होता.

मद्रासला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. कार्तिकात पाऊस! स्टेशनाबाहेर आमची सगळी तुकडी डोकी वर करून उभी राहिली, जणू कुणी आमच्याशी खोटं बोललं होतं. तात्या म्हणाले, "इथं असाच येते म्हणतात. यायचा पावसाळा आता." त्यांच्या डोळ्यांपुढं देव होता, त्यांना काय. माझ्या मनात एकच घर करून बसलं: इथं आला तो तिकडं येणार नाही कशावरून? फुटलेल्या बोंडाला पाणी लागलं की कापूस पिवळा पडतो, झाडावरच कुजतो. आम्ही त्याला कवडी म्हणतो. व्यापारी हातात घेतो आणि न बोलता खाली टाकतो. तो त्याचा न बोलणारा हात मला मद्रासच्या प्रत्येक चौकात दिसत होता.

रामेश्वरची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मधला दिवस मोकळा, म्हणून तात्यांनी आम्हाला मोटारीनं समुद्रकाठच्या महाबलीपुरमला नेलं. ते नाव आमच्यातल्या एकालाही धड म्हणता येईना. मोठी माय त्याला शेवटपर्यंत महाबळीपूर म्हणत राहिली, मलकापूर-नांदुऱ्याच्या मधलंच एखादं स्टेशन असल्यासारखं.

झावळ्यांची थोडी घरं, वाळूत उलट्या टाकलेल्या होड्या, वाळत घातलेल्या मासळीचा वास, आणि सरूच्या झाडांतून येणारा तो आवाज. आम्हाला आधी वाटलं वारा आहे. झाडं संपली आणि समोर समुद्र उभा राहिला. आडवा नाही, उभा. मला तरी तो तसाच दिसला. धामणगाव बढ्याच्या अंजनाबाई आमच्यात बोलक्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"अव माय! एवढं पाणी! अन् आमच्याकडं नळगंगेत उन्हाळ्यात म्हशी बसाले जागा नाही."

"खारं हाये ते," तात्या म्हणाले. "वावराले देशीन तं वावर मरन."

"मंग देवानं ठेवलं कायले एवढं?"

"पाह्याले," मोठी माय म्हणाली.

एक छत्रीवाला म्हातारा वाटाड्या मोडक्या हिंदीत सांगत पुढं चालला. वाळूत पांडवांचे रथ उभे होते. रथ म्हणजे देवळंच, पण बांधलेली नाहीत. एकेका खडकातून कोरून काढलेली. शेजारी दगडी हत्ती, दगडी सिंह, नंदी, जणू मालकाची वाट पाहत थांबलेले. मोठ्या मायला भिंतीला हात लावून पाहायची सवय. घर पाहायला गेली तरी आधी भिंत चाचपायची. तिनं रथाच्या भिंतीवरून तळहात फिरवला.

"जोड कुठी हाये रे याले?"

"जोड नहीं अम्मा," म्हातारा म्हणाला. "एक पत्थर. ऊपर से नीचे काटा."

"वरून खाली? म्हंजे कळस पहिले अन् पाया मांगून?"

म्हाताऱ्यानं खाली बोट दाखवलं. तळाशी दगड ओबडधोबड तसाच राहिलेला होता. "नीचे का काम रह गया."

मोठी माय वाकून त्या खडबडीत दगडाकडे बराच वेळ पाहत राहिली. "राह्यलं बाप्पा कोणाचं तरी," ती म्हणाली. माझं लक्ष नव्हतं. मी समुद्राच्या वर जमणारं काळं पाहत होतो.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पाहिलं काहीच नाही. आज जे आठवतं ते तिनं पाहिलेलं आठवतं. एका मंडपात भिंतीवर कोरलेली गाय होती. गुराखी दूध काढतोय, गाय मान वळवून वासराला चाटतेय. मोठी माय तिच्या कासेकडे बोट करून म्हणाली, "पान्हावली हाये पाय. कोरणाऱ्याच्या घरी गाय असन." पुढं एका अफाट खडकावर देव, ऋषी, हत्ती, नाग, सगळं जगच कोरलेलं. हत्तीच्या पायाजवळ एक मांजर, मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय वर करून तप करणारं. भोवती उंदीर. अंजनाबाईंनी हे पाहिलं मात्र, त्या खाली वाळूतच बसल्या हसू आवरेना म्हणून.

"अवं, हे आमच्या मामंजीवानी दिसते! असेच हात वर करत सकाळी, अन् डोळा दुधाच्या गंजाकडं!"

मोठी माय डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मोठे बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यातही तिच्या कमरेला गडू होता, पिशवीत, दोन्ही हातांनी धरलेला. बारीक पाऊस सुरू झाला होता.

मग दीपस्तंभाच्या टेकडीवर चढलो. मोठमोठ्या खडकांच्या मधून वाट. एका खडकाच्या पोटात गुहा कोरलेली होती, पुढं दोन खांब, आत एक छोटी खोली, दाराच्या दोन्ही अंगांना दगडी द्वारपाल. पावसापासून आडोसा म्हणून सगळे खांबांपाशी थांबले. मोठी माय एकटी आत गेली. मी तिच्या मागं गेलो, ती ओल्या दगडावर पडेल म्हणून.

खोली रिकामी होती. देव नव्हता. जमिनीत मधोमध एक चौकोनी खळगा होता, पिंड बसवण्यासाठी कोरलेला. पिंड कधी तरी कुणी काढून नेली असेल, किंवा बसवलीच नसेल. खळग्यात पाचोळा, थोडी वाळू, वटवाघळांची घाण. बाहेर द्वारपाल अजून पहाऱ्याला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मोठी माय खाली बसली. हातानं तिनं खळगा साफ केला. पदराच्या टोकानं पुसला. मग पिशवीतून गडू काढला.

"माय, काय करून राह्यली?"

"इथं घालतो," ती म्हणाली. "याले किती वर्सांपासून कोणी पाणी घातलं नसन. रामेश्वरले तं लाखो लोक घालतात."

"कोणाले घालशीन? देवच नाही इथं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला आजही तसाच दिसतो. कपाळावर पावसाचे थेंब, आणि काहीतरी सोपं कळल्यासारखा शांत.

"देव नाही तं नाही," ती म्हणाली. "जागा तं हाये ना."

मी तिचा हात धरला. मनगटच धरलं. इथे मला हे नीट सांगू दे, कारण पुढचं सगळं सांगूनही लोक याच जागी मला सूट देतील, की बाबा, रीत ती रीत, तू रीतीसाठी अडवलंस. रीतीसाठी नाही. खांबांपाशी तात्या आणि चार माणसं उभी होती. वटवाघळांच्या घाणीत माझी मोठी माय गंगा ओततेय असं त्यांनी पाहिलं असतं आणि गावोगाव सांगितलं असतं. मला लाज वाटली. एवढंच होतं. मी म्हटलं, "येडी झाली काय? रामेश्वरले न्यायची गंगा हाये ती. भलत्याच भोकात ओतत नसतात." हाच शब्द वापरला मी, भोक.

तिनं गडू पिशवीत ठेवला. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठली. माझा हात पुढं आला होता, तो तिनं घेतला नाही.

फलाटावरचं उकडणं वाढलं आहे. कार्तिकात असं उकडलं की काय होतं ते इथल्या पोरालाही कळतं. समोरच्या बाकावर एक मोताळ्याकडचा गृहस्थ बसला आहे. पागोट्यात बोट घालून डोकं खाजवतो आणि दर थोड्या वेळानं वर पाहतो. त्याची मान वर गेली की माझी मान आपोआप वर जायला निघते आणि मी ती धरून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मद्रासच्या स्टेशनावर गेलो तर दक्षिणेकडच्या गाड्या बंद. रात्रभराच्या पावसानं पुढं कुठं तरी रूळ पाण्याखाली गेले होते. पाटीवर जे लिहिलं होतं ते वाचायला कुणाला येत नव्हतं. आमच्यात इंग्रजी चार वर्गांपुरतं का होईना मलाच येत होतं. तात्या म्हणाले, "जा बाप्पा, पुसून ये."

खिडकीतला बाबू सभ्य होता. दोनदा सांगितलं त्यानं, मला कळावं म्हणून सावकाश. पाणी उतरतंय, माणसं कामाला लागली आहेत, परवा गाडी सुटेल, फार तर तेरवा.

मी वळलो. आमची माणसं भिंतीला टेकून वळकट्यांवर बसली होती. वर पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बाजूचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या खिडकीपासून त्या भिंतीपर्यंत जाताना माझ्या डोळ्यांपुढं माझं वावर होतं, आणि वावरावर हाच पाऊस.

"काय म्हणे?" तात्यांनी विचारलं.

"रूळ वाहून गेले म्हणते. पंधरा दिवस लागतीन. महिनाही लागन. नक्की नाही."

मोठी माय माझ्याकडे पाहत होती. बाकी सगळे तात्यांकडे पाहत होते आणि ती एकटी माझ्याकडे.

तात्या म्हणाले, "मी तं थांबतो बा. एवढं येऊन परत कोण जाईन? मले घरी हाये काय, एक बैल, तोही भावाचा." अंजनाबाई थांबणार होत्या. सगळेच थांबणार होते. मी म्हटलं, मला जावंच लागेल, वेचणी आली. मोठ्या मायला म्हटलं, "तू एकटी कशी राह्यशीन माय? भाषा नाही, काही नाही."

अंजनाबाईंनी हात पुढं केला. "गडू माह्याजवळ दे. तुह्या नावानं मी घालीन, फिकीर नको करू."

मोठ्या मायनं गडू पोटाशी घेतला. "नाही अवं. ज्याचं त्यानं घालावं लागते." मग मला म्हणाली, "चाल."

येताना दोन रात्री ती खिडकीशी बसून होती. विजयवाड्यापर्यंत पाऊस होता. सकाळी केव्हा तरी डोळे उघडले तर बाहेर ऊन, निवडुंग, काळी माती. वर्ध्याला थंडी होती. मलकापूरला उतरलो, बैलगाडीनं गावाकडं निघालो, आणि वळणावरून माझं वावर दिसलं. पांढरं. कोरडं ठणठणीत. आम्ही गेल्यापासून एक थेंब पडला नव्हता, एक ढग आला नव्हता.

मला आनंद झाला. बाकी सगळं मी आधीही मनातल्या मनात कबूल केलं आहे, पण हे कधी केलं नव्हतं. त्या वळणावर मला इतका आनंद झाला की मी गाडीवानाच्या पाठीत थाप मारली. शेजारी मोठी माय बसली होती. तिनं गडू कानाजवळ नेऊन हलवला. "हाये," म्हणाली.

त्या साली कापूस चांगला झाला. नव्या बियाण्याचं नाव झालं. चुलतभावानं पारावर माझी पाठ थोपटली.

महिना-दीड महिन्यानं अंजनाबाई धामणगावहून बैलांच्या दमणीत बसून आमच्याकडं आल्या. रामेश्वरहून एक शंख आणि पुडीत बांधलेली वाळू आणली होती. मोठी माय ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. मी दारात.

"अवं, तू गेली अन् तिसऱ्याच दिवशी सुटली ना गाडी!" अंजनाबाई दमणीतून उतरता उतरताच म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "अन् हा तं महिना म्हणे! काऊन रे?"

मोठ्या मायनं सुपातून मान वर केली नाही.

"त्यानं मले खरंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "माहंच मन मांगं फिरलं. कंबर धरली होती माही."

"असं काय? मले तं नाही बोलली!"

"तुले बोलली असती तं तू खांद्यावर घेऊन गेली असती मले. बैस, चा पे."

दोघी हसल्या. मी गोठ्यात जाऊन बैलांच्या पुढं उगाच कडबा टाकत राहिलो. एका बैलापुढं इतका टाकला की तो मागं सरकला.

त्या रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात, मी वाट पाहिली. ती बोलेल, शिव्या देईल, एकदा तरी विचारेल. तिनं विचारलं नाही. भाकरी तशीच गरम वाढायची, लोण्याचा गोळा तसाच माझ्या ताटात मोठा पडायचा. शंख देवघरात गडूशेजारी बसला. रोज सकाळी फूल, रोज सकाळी गडू कानाशी, "हाये." आणि मी देवघरापुढं हात जोडून उभा. महाबळीपूरच्या खडकावरचं ते मांजर त्या वेळी मला हटकून आठवायचं.

पुढच्या साली मी म्हटलं, "माय, औंदा जाऊ रामेश्वरले."

"कापूस फुटला हाये बाप्पा," ती म्हणाली. "तू तुहं पाय."

त्याच्या पुढच्या सालीही विचारलं. तेच उत्तर. दर साली विचारत गेलो. गावात लोक म्हणायचे, पोरगा किती मागं लागतो म्हातारीच्या, तीच ऐकत नाही. हे ऐकलं की मला बरं वाटायचं. आता यातलं उरलेलं सांगून टाकतो. मी दर साली कार्तिकातच विचारायचो. वेचणीच्या ऐन दिवसांत, जेव्हा तिचं उत्तर काय येणार ते मला ठाऊक असायचं. उन्हाळ्यात, वावरं रिकामी असताना, हाताला काम नसताना, मी एकदाही विचारलं नाही. का? उन्हाळ्यात ती "हाव" म्हणाली असती. मग रामेश्वरच्या गाडीत तिच्या शेजारी दोन-तीन दिवस बसावं लागलं असतं, त्याच खिडकीवरून जावं लागलं असतं. ते धैर्य नव्हतं माझ्यात. खोटं एकदाच बोललो होतो, पण ते सांभाळायला दर साली थोडं नवं खोटं लागत गेलं, आणि त्याचा वेष प्रेमाचा होता.

ती गेली चैत्रात. शेवटच्या सकाळी बाया जमल्या. कुणी तरी म्हणालं, गंगा हाये ना घरात, डाक फोडा, तोंडात घाला. चुलतभावानं देवघरातून गडू काढला. मोठ्या मायचा आवाज केव्हाच गेला होता. पण तिनं हात उचलला, एवढासा, आणि हलवला. नाही. भावाला वाटलं तिला समजत नाही. मला समजलं. ते पाणी तिच्यासाठी नव्हतं, ते कुणाचं तरी होतं आणि अजून पोचायचं होतं. मी गडू परत ठेवला आणि तांब्यातलं नळगंगेचं पाणी तिच्या तोंडात घातलं. ते उतरलं की नाही, कळलं नाही.

त्यानंतर गडू मीच हलवतो. "हाये" म्हणत नाही. ते माझ्या तोंडी बरं दिसत नाही.

गावातल्या भटजींना मागच्या महिन्यात विचारलं होतं. ते म्हणाले, रामेश्वरालाच जा, दुसरीकडे चालत नाही, उरकून टाका. भले गृहस्थ आहेत. मी हो म्हटलं. पण तिकीट मद्रासपर्यंतच काढलं आहे. तिथून मोटार मिळेल. टेकडीवरची ती गुहा सापडेल की नाही ठाऊक नाही. आता म्हणे तिथं तारेचं कुंपण आहे, राखणदार आहे. कदाचित तो पाणी घालू देणार नाही. मी तिथं उभा राहून त्याला काय सांगणार? तिच्याजवळ एक वाक्य होतं. ते मी उसनं घेतलं तर माझ्या तोंडून कसं वाजेल, याची भीती वाटते. गेले चार दिवस हेच चाललं आहे. पिशवी भरतो, सोडतो, पुन्हा भरतो. सकाळी घराबाहेर पडताना वळून पाहिलं नाही, कारण वावराची वाट उजवीकडे होती.

आणि उन्हाळ्यात का नाही, हे पोराला कसं समजावू? ज्या दिवसांत मी तिला परत आणलं त्याच दिवसांत जायला पाहिजे. कापूस उभा पाहिजे. नाही तर त्यात माझं काय गेलं?

समोरच्या बाकावरचा गृहस्थ उठून माझ्याजवळ येऊन बसला आहे. फलाटाच्या उघड्या टोकाला, धुळीत, पहिले मोठे थेंब पडायला लागले आहेत. प्रत्येक थेंबाभोवती धूळ उडते.

"गेलं बाप्पा," तो म्हणाला. "कापूस हाये काय तुमच्या घरी?"

"हाये."

"वेचला?"

"नाही. फुटून उभा हाये."

"मंग इथं काय करून राह्यले तुम्ही? घर कुठी?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मंग जा ना लवकर! मोताळ्याची मोटार बाहेर उभी हाये आताच. माणसं धरा, हाती लागन तेवढं तरी आणा घरात." तो माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहू लागला. "जाऊन कुठी राह्यले असे?"

"एका जागी पाणी घालाले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग थेंबांकडे, आणि हसलाच. "पाणी घालाले? अहो, ते तं वरूनच येऊन राह्यलं!"

मीही हसलो. दुसरं काय करणार? बाहेर मोताळ्याच्या मोटारीनं हॉर्न दिला, थांबली, पुन्हा दिला. पावसाचा आवाज आता फलाटाच्या पत्र्यावर आला आहे, मद्रासला होता तसाच, बाजूचं बोलणं बुडवणारा. पिशवीत हात घालून मी गडू बाहेर काढतो, कानाशी नेतो, हलवतो. आत डचमळतं.

आभाळाकडे एकदा पाहिलं. खोटं कशाला बोलू. काळं आहे, थेट आमच्या गावापर्यंत.

मोटारीचा तिसरा हॉर्न झाला. मी उठलो नाही.